दोघांची लेन

आधी कोट ओळखू आला. मग गाडी, आणि सगळ्यात शेवटी नवरा. सकाळचे पावणेदहा झाले होते, टेबलावरच्या चहाला अजून वाफ होती, आणि पडद्यावरच्या काळ्यापांढऱ्या फोटोत ड्रायव्हरशेजारच्या सीटवर तिचाच कोट बसला होता. दुसरं बटण मोठं. बाकीची पाच एका मापाची आणि ते एकटंच ढब्बू, कारण मूळचं बटण बसच्या दारात अडकून तुटलं तेव्हा घरच्या डब्यात काळं म्हणून तेवढंच सापडलं होतं. महिन्याभरापूर्वी तिने तो कोट जुन्या कपड्यांच्या पिशवीत कोंबला होता आणि पिशवी नवऱ्याच्या हातात देऊन म्हणाली होती, "कुणा गरजूला द्या." तसा दिला होताच म्हणायचा. कोटाच्या आत एक बाई होती. बाईला डोकं होतं, डोक्यावर केस होते, गळ्यात रुमाल होता, पट्टा छातीवरून नीट ओढून लावलेला. ती श्वास घेत नव्हती एवढंच. ते कळायला तिला फोटो मोठा करावा लागला नाही. असल्या बाया ती दिवसाला वीस-पंचवीस बघायची, पगारच त्याचा होता.

त्याचं असं झालं की शहरात शिरणारा हमरस्ता सकाळी दोन तास नुसता पार्किंगची जागा होऊन बसायचा. गाडीत माणूस एक आणि रिकाम्या सीटा चार, अशा हजारो गाड्या एकमेकींच्या शेपटाला नाक लावून उभ्या. मग कुणा हुशार माणसाने डोकं लढवलं आणि मधल्या दुभाजकालगतची एक लेन वेगळी काढली. गाडीत निदान दोन माणसं असतील तरच तिथे शिरायचं. कागदावर तिचं नाव सामायिक प्रवास मार्गिका; लोक म्हणायचे दोघांची लेन. शेजारी शेजाऱ्याला घेईल, साहेब कारकुनाला घेईल, रस्ता निम्मा मोकळा होईल आणि बसही त्याच लेनमधून सुसाट जातील असं ठरलं होतं. बस काही गेल्या नाहीत, कारण लेन रस्त्याच्या मधोमध आणि बसथांबे कडेला. मध्ये तीन लेन भरून गाड्या. त्या ओलांडून बस आत न्यायची कशी आणि पुढच्या थांब्याला बाहेर काढायची कशी, हे नकाशा काढताना कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं, आणि आलं तेव्हा पांढरे पट्टे मारून झाले होते. त्यामुळे बसला चारातल्या तीनच लेन उरल्या. तिला पूर्वी घरून ऑफिसात यायला सव्वा तास लागायचा, तिथे आता दोन तास लागायला लागले. खिडकीशी उभी राहून ती रोज बघायची, त्या एका लेनमधून जोडपी सर्र सर्र निघून जायची.

आणि गाड्यांमध्ये माणसं वाढली, खरंच वाढली, पण कसली माणसं! एकाने भोपळ्याला टोपी घालून बसवला. एकीने कुत्र्याला चष्मा लावला, आणि तो कुत्रा इतका गंभीर की चौकातल्या पोलिसाने त्याला दोन आठवडे बँकेतला माणूस समजून सोडलं. एकाने सासऱ्यांची भिंतीवरची तसबीरच पट्ट्याने बांधून आणली. मग परिवहन मंडळाने सात किलोमीटरच्या अंतरात तीन खांब उभे केले, तीन कॅमेरे लावले, आणि मशीनला ज्या गाडीचा संशय येईल तिचे तिन्ही फोटो दुसऱ्या मजल्यावरच्या या खोलीत यायला लागले. खोलीत दोन टेबलं, दोन पडदे, एक खिडकी आणि भिंतीला कोट अडकवायचे चार खिळे. नियम सोपा होता. जिवंत माणूस सात किलोमीटरमध्ये काहीतरी करतोच, कान खाजवतो, मान वळवतो, निदान जांभई देतो. तिन्ही फोटोंत शेजारचा एक केसभरही हलला नसेल तर पुतळा. खाली दोन बटणं: माणूस, पुतळा. माणूस दाबलं की विषय संपला. पुतळा दाबलं की तेच फोटो दुसऱ्या टेबलावर दुसऱ्या मतासाठी जायचे, आणि दोघांची मतं जुळली की सहा महिने लेन बंद, तशी नोटीस घरच्या पत्त्यावर. सम नंबरच्या गाड्या एका टेबलाला, विषम दुसऱ्याला, आणि दर महिन्याच्या एक तारखेला अदलाबदल. कुणाला आपल्या माणसाचं पाप पोटात घालायला फार दिवस मिळू नयेत म्हणून. त्या महिन्यात सम तिच्याकडे होत्या.

दुसऱ्या टेबलावरच्या माणसाला सगळं ऑफिस कंडक्टरच म्हणायचं. सत्तावीस वर्षं त्याने बसमध्ये तिकिटं फाडली होती, गुडघे गेल्यावर मंडळाने त्याला इथे खुर्ची दिली. पुतळा सापडला की तो अजूनही विनातिकीट पकडल्यासारखा खूश व्हायचा आणि पडद्याला म्हणायचा, "उतरा खाली!" त्या सकाळी तो म्हणाला, "काय हो ताई, चहा गार झाला की. कोण एवढं देखणं सापडलंय?"

"कुणी नाही," ती म्हणाली आणि दुसरा फोटो उघडला.

दुसऱ्या खांबाजवळही कोटातली बाई तशीच नाकासमोर बघत होती. नवऱ्याचं तोंड मात्र उघडं होतं. पहिल्या फोटोतही उघडंच होतं, तिचं लक्ष बटणावर होतं म्हणून दिसलं नव्हतं. तो बोलत होता. एक हात स्टिअरिंगवर, दुसरा वर हवेत, पाची बोटं पसरलेली. काहीतरी केवढं मोठं होतं ते दाखवत असावा. आणि तिसऱ्या खांबाजवळ मान पार त्या बाईकडे वळवून तो हसत होता. दात दाखवून हसत होता. वरच्या डाव्या बाजूचा सुळा नव्हता. तिने फोटो मोठा केला, मग आणखी मोठा. सुळा नव्हता. कधी काढला? दुखला असेल, गाल सुजला असेल, दोन दिवस मऊ जेवला असेल, आणि ती त्याच टेबलाशी समोर बसून जेवत होती. तिने माणूस हे बटण दाबलं. फोटो गेले. मग चहा प्यायला घेतला तर त्यावर साय धरली होती.

लेन सुरू झाली त्या आठवड्यात तिनेच विषय काढला होता, की अहो, तुमचं ऑफिस माझ्या पुढे दोनच चौक, मला वाटेत सोडत जा, दोघांची लेनही मिळेल. तो बूट घालत होता. वर न बघता म्हणाला होता, "माझं साडेआठचं, तुझं साडेनऊचं. एक तास काय करशील तिथे? दारात उभी राहशील?" तिला ते पटलं होतं. पटलं नसतं तरी पटवून घेतलं असतं, कारण बुटाची नाडी बांधून झाल्यावरही तो खाली वाकलेलाच राहिला होता, आणि तेवढं वाकणं तिला पुरेसं होतं. आता ती पडद्यासमोर बसून हिशेब लावत होती की तो एक तास कुणाचा वाचला. तिचा तर नाहीच. ती सातला घराबाहेर पडत होती.

लग्न झालं तेव्हा हा माणूस थापांचा बादशहा होता. साधं भाजी आणायला गेला तरी परत येताना गोष्ट घेऊन यायचा. कोपऱ्यावरच्या न्हाव्याने गिऱ्हाइकाचा कान चुकून कापला आणि तो कान सायकलच्या टोपलीत पडून तीन गल्ल्या फिरून आला. पुलावर एवढा मोठा मासा बघितला की त्याच्या पोटातून घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. पहिलं वर्षभर ती हसली. मग तिला या कामासारखंच एक काम लागलं, छापखान्यात चुका तपासायचं, आणि ती सवय घरी यायला लागली. अहो, मंगळवार नव्हता, बुधवार होता. अहो, न्हाव्याचं दुकान त्या दिवशी बंद असतं. अहो, पुलाखाली पाणीच नाही, मासा कुठला? ती वाईट हेतूने म्हणायची नाही. चूक दिसली की बोट आपोआप तिकडे जायचं, ताटात केस दिसल्यावर जावं तसं. एकदा चार पाहुण्यांसमोर तो मामाच्या मोटारसायकलची गोष्ट रंगवत होता, मामा हँडल सोडून उभे राहिले आणि तसेच नदीपर्यंत गेले म्हणून, आणि ती सरबताचे ग्लास ठेवता ठेवता म्हणाली, "मामांना मोटारसायकल येतच नव्हती." पाहुणे हसले, गोष्टीपेक्षा जास्त हसले. तोही हसला. त्या रात्रीपासून गोष्टी एकदम बंद झाल्या असं नाही. एकेक दिवा जातो आणि आपण म्हणतो उद्या बदलू, तसं झालं. हळूहळू तो 'दूध संपलंय' आणि 'किल्ली कुठेय' एवढंच बोलायला लागला, आणि त्यात तपासण्यासारखं काही नव्हतं. तिला वाटलं वय झालं. लोकांचंही असंच होत असेल असं वाटून तिने ते सोडून दिलं.

पुढचे सगळे दिवस ते फोटो रोज आले. साडेआठच्या आत निघून गेलेली गाडी पावणेदहाला तिच्या पडद्यावर यायची, तारा निखळून तासाभराने दिसावा तशी. ती रोज माणूस दाबायची आणि दाबण्याआधी पाच-पाच मिनिटं बघत बसायची. ओठांवरून शब्द लागतो का बघायची. एकदा 'मामा' असावं असं वाटलं. दोन्ही ओठ मिटलेले, मग उघडलेले, हँडल सोडल्यासारखे दोन्ही हात वर! सात किलोमीटर, ताशी ऐंशीचा वेग, आणि हा माणूस स्टिअरिंग सोडून मोटारसायकलवर उभा राहिलेला मामा करून दाखवत होता. आणि ती कोटातली बाई सरळ समोर बघत ऐकत होती, मामांना येत होतं की नव्हतं ह्याबद्दल चकार शब्द न काढता. तिला त्या बाईचा राग यायला हवा होता. आला तो असा की दुपारी डबा उघडला आणि तसाच झाकला.

रविवारी तो झोपला असताना तिने किल्ली घेतली, खाली जाऊन डिकी उघडली. चादरीखाली बाई पाय पोटाशी घेऊन पडली होती. अंग म्हणजे झाडूचा दांडा आणि दोन उशा, त्यातली एक तिच्याच सोफ्यावरची, जी धोब्याकडे हरवली असं ठरलं होतं. डोकं केस कापायला शिकवतात त्या वर्गातलं असावं. रबराचं, नाक जरा सरळ, पापण्या अर्ध्या मिटलेल्या, केस खांद्याला टेकणारे आणि मध्ये भांग. ती दहा वर्षांपूर्वी असाच भांग पाडायची. तिने कोटाच्या खिशात हात घातला, कशासाठी ते तिलाही कळलं नाही. उजव्या खिशाचं अस्तर फाटलेलं होतं, त्यातून किल्ल्या, चिल्लर, रुमाल सगळं खाली कोटाच्या कडेत जाऊन बसायचं, म्हणून तर तिने कोट टाकला होता. हात खाली गेला नाही. अस्तर शिवलेलं होतं. मोठे मोठे वाकडे टाके, काळ्या कोटाला निळा दोरा, शेवटी गाठीवर गाठ मारून दोरा दातांनी तोडलेला. ज्या माणसाला बावीस वर्षांत बटण लावता आलं नाही त्याने बाहुलीचा खिसा शिवला होता, जो उघडून कुणीही बघणार नव्हतं. तिने डिकी लावली. वर येऊन किल्ली होती तिथे ठेवली आणि बराच वेळ भांडी घासली, घासलेलीच.

महिना संपत आला होता. एक तारखेला सम गाड्या कंडक्टरकडे जाणार, आणि त्याच्या नजरेतून ही बाई सुटणं शक्य नव्हतं. त्याने भोपळा लांबून ओळखला होता. मग फोटो दुसऱ्या मतासाठी तिच्याकडे येणार. तिने माणूस म्हटलं तर कंडक्टर खुर्ची सरकवून येणार आणि म्हणणार, ताई, कुठला माणूस? पुतळा म्हटलं तर नोटीस घरी येणार, तोही कागद बहुतेक तिच्याच हातात पडणार. सांगून टाकावं त्याला? काय सांगणार, की तुम्ही बोलता ते मी बघते, आवाजाशिवाय? ते एकदा म्हटलं की तो त्या बाईशीही बोलणं बंद करणार, एवढं तिला माहीत होतं. त्या शेवटच्या संध्याकाळी तिला एकच वाट सुचली, आणि ती इतकी सोपी होती की आधी का सुचली नाही याचं तिला हसू आलं. सीटवर माणूस असला की प्रश्न मिटला.

"उद्या तुमच्याबरोबर येते," ती म्हणाली.

त्याने पाण्याचा ग्लास खाली ठेवला. "उद्या? का गं?"

"दोन तास उभं राहून कंबर मोडते. बसेन ऑफिसच्या पायरीवर तासभर."

"थंडी असते."

"कोट आहे की नवा."

कोट म्हटल्यावर तो तिच्याकडे बघायला लागला, आणि तिने ताटाकडे बघितलं. "बरं," तो म्हणाला. "ये मग."

सकाळी काच पुसायची आहे म्हणून तो दहा मिनिटं आधी खाली गेला. ती गेली तेव्हा काच पुसलेली नव्हती आणि शेजारची सीट रिकामी होती. पट्टा कुणा बारीक अंगाच्या बाईच्या मापाला लावलेला, तो सैल करताना तो म्हणाला, "अडकतो कधीकधी." गाडी निघाली. पहिल्या सिग्नलला ब्रेक लागला आणि मागे डिकीत धप्प असा आवाज झाला, रबराचं डोकं पत्र्यावर आपटावं तसा. दोघांनीही ऐकला नाही. दुसऱ्या सिग्नलला पुन्हा धप्प. त्याने रेडिओ लावला, बातम्या सुरू होत्या, बंद केला. मग गाडी हमरस्त्याला लागली, डावीकडे रोजची गर्दी साचलेली, तिची बसही त्यात उभी, खिडकीशी तिच्या जागी दुसरीच कुणी बाई उभी होती आणि इकडेच बघत होती. आणि ती स्वतः दोघांच्या लेनमध्ये शिरली. आयुष्यात पहिल्यांदा. रस्ता एवढा मोकळा असतो हे फोटोत कधी कळलं नव्हतं.

पहिल्या खांबाच्या थोडं आधी तो खाकरला. "ह्या पुलावर ना," तो म्हणाला, "एकदा काय झालं, एका ट्रकमधून दोनशे कोंबड्या सुटल्या. आणि सगळ्या ह्या लेनमध्ये, दोन-दोनच्या जोडीने." त्याने एक बोट स्टिअरिंगवरून उचललं, एकच. तिचा जीव कानात आला. ती वाट बघत होती आणि जीभ टाळ्याला घट्ट दाबून धरली होती, कारण जिभेवर आलेलंच होतं की ह्या पुलावर ट्रकना बंदी आहे. ते तिला बोलायचं नव्हतं. मेली असती तरी बोलली नसती. पण जीभ धरायची म्हणजे जबडा धरावा लागतो, जबडा धरला की मान धरावी लागते, आणि मान जराशी जरी त्याच्याकडे वळली तरी डोळ्यांत ते वाक्य दिसेल या धास्तीने ती समोर बघत राहिली. हात मांडीवर. खांब मागे गेला. "दोनशे," तो पुन्हा म्हणाला, थांबला, तिच्याकडे एक नजर टाकली. तिला हसायचं होतं. हसू कुठून सुरू करायचं ते आठवेना. "नसतील दोनशे," तो म्हणाला. "असतील पाच-दहा. मी काही बघितलं नाही, कुणीतरी सांगत होतं." दुसरा खांब गेला. तिसरा येईपर्यंत तो काही बोलला नाही, तीही नाही. तिला तिन्ही खांब पाठ होते. आता हलावं, निदान केस तरी मागे घ्यावेत, असं तिला वाटलं, आणि वाटेपर्यंत तिसराही गेला. ऑफिसपाशी उतरताना ती म्हणाली, "संध्याकाळी याल का घ्यायला?" तो म्हणाला, "मला उशीर होईल." ती तासभर पायरीवर बसली. खरंच थंडी होती.

वर आली, कोट खिळ्याला अडकवला, चहा घेतला. पावणेदहाला कंडक्टर खुर्चीतच उडाला. "ताई! ताई, पाठवलंय बघा तुमच्याकडे. दुसरं मत द्या, पण आधी बघा तर. ह्या वर्षातलं सगळ्यात झकास काम!"

फोटो उघडले. काचेवर उन्हाची तिरीप होती, बाईचा चेहरा कपाळापासून नाकापर्यंत पांढरा फटक झालेला. खाली ओठ दिसत होते, कोट, आणि मांडीवरचे हात. कंडक्टर गुडघे धरत उठून तिच्या मागे येऊन उभा राहिला. "हात बघा, शाळेत फोटो काढताना ठेवतात तसे ठेवलेत. पहिल्याला तसे, दुसऱ्याला तसे, तिसऱ्याला तसे. बोटसुद्धा नाही हललं. पण बोटं काय सुरेख केलीत हो, नखंबिखं सगळं! मी म्हणणार होतो माणूस. पण ओठ बघा. शिवल्यासारखे. सत्तावीस वर्षं बसमध्ये काढलीत मी, जिवंत बाई नवऱ्याशेजारी इतकी गप्प बसत नाही. भांडली असेल तरी खिडकीकडे तोंड करते."

ती बघत होती. नवराही तिन्ही फोटोंत समोर बघत होता, तोंड मिटलेलं. पहिल्या फोटोत एक बोट तेवढं उचललेलं होतं.

"आणि हा बिचारा," कंडक्टर म्हणाला, "हा तरी काय करणार? पुतळ्याशी कोण बोलतं?"

"बोलतात काही जण," ती म्हणाली.

"छे हो!"

नवा कोट त्याच्या खांद्यामागे खिळ्याला लटकत होता. त्याने मान जरा वळवली असती तर दिसला असता, पण तो पडद्याकडेच बघत होता, पकडल्याच्या आनंदात. तिने तोंड उघडलं. एवढंच म्हणायचं होतं, की ही मी आहे. तो हसला असता, मग ओशाळला असता, मग सगळ्या ऑफिसला सांगितलं असतं. आठवडाभर गंमत झाली असती, आणि नवऱ्याची लेन वाचली असती. ती लेन कशासाठी वाचली असती हे तिला माहीत होतं. उद्या पावणेदहाला पुन्हा ती दुसरी बाई, रुमाल बांधून, खिसा शिवून, मामांची मोटारसायकल ऐकत बसली असती.

तिने पुन्हा एकदा तिन्ही फोटो शेजारी शेजारी लावले, नियमाप्रमाणे, आणि नखापासून मानेपर्यंत तपासले. छापखान्यात ती म्हणायची, आपण लेखकाकडे बघायचं नाही, ओळीकडे बघायचं. ओळीत चूक नव्हती. तिने पुतळा दाबलं. खाली चौकट आली: कारण लिहा. तिने लिहिलं, हालचाल नाही, तिन्ही फोटोंत.

"जुळलं?" कंडक्टरने विचारलं.

"जुळलं."

"उतरा बाई खाली," तो पडद्याला म्हणाला, आणि पुढची गाडी आली.